साक्ष आणि शिरा

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ‘साक्ष’ हा शब्द इतक्या वेळा येतो की, ज्याला तो फक्त कोर्टकचेरीतून ठाऊक आहे त्याचा गोंधळच उडावा. “ऑफिसात त्याची साक्ष चांगली आहे,” असं नगर-जालन्याकडच्या चर्चमधली एखादी बाई शेजारणीला सांगते, तेव्हा कुठलाही खटला चालू नसतो. तो माणूस वेळेवर कामाला जातो, टेबलाखालून पैसे घेत नाही, साहेबाने खोटं बिल करायला सांगितलं तर करत नाही आणि हे सगळं तिथल्या शिपायालाही माहीत आहे, एवढा ऐवज त्या एका वाक्यात असतो. प्रार्थनासभेत उभं राहून ‘साक्ष देतात’ तीही साक्षच, पण ती तोंडाने द्यायची असते. ऑफिसातली साक्ष द्यायची नसते, ती असते किंवा नसते. आणि आहे की नाही हे ज्याची त्याला कळत नाही, दुसऱ्यांना विचारावं लागतं.

दुसऱ्याचा डोळा या शब्दाच्या पोटातच आहे. ‘अक्ष’ म्हणजे डोळा, ‘साक्षात्’ म्हणजे डोळ्यांदेखत. पाणिनीने ‘साक्षिन्’ या एका शब्दासाठी अष्टाध्यायीत वेगळं सूत्र खर्ची घातलं आहे: जो साक्षात् पाहतो, तो साक्षी. (‘साक्षर’ दिसायला याच घरातला वाटतो, पण तो स-अक्षर, त्याचा इथे संबंध नाही.) पुढे वेदान्त्यांनी साक्षीला आणखी वर नेऊन बसवलं. त्यांचा साक्षी सगळं पाहतो आणि कशातच गुंतत नाही. लग्नातला अग्नीही साक्षीलाच असतो, आणि पुढे संसारात काय होतं याची त्याला कुणी विचारणा करत नाही.

याच अर्थाचा दुसरा शब्द मराठीत शिवकाळापासून होता: फारसी ‘गवाह’वरून आलेला ‘गोही’ आणि ‘ग्वाही’. जुन्या कागदपत्रांत साक्षीदार म्हणून सर्रास ‘गोही’ भेटतात. हिंदी ख्रिस्ती मंडळींनी ‘गवाही’ उचलली, ती अजून त्यांच्या चर्चमध्ये नांदते. मराठीत मात्र ग्वाहीचं पुढे भलतंच झालं. आता ती पाहिलेल्या गोष्टीची उरलेली नाही, न झालेल्या गोष्टीची झाली आहे. रस्ता होईल, पाणी येईल अशी ग्वाही मंत्री देतात. मराठी बायबलाने साक्ष धरली ते बरं झालं म्हणायचं.

ज्या ग्रीक शब्दासाठी ती धरली तो ‘मार्तुस’. मुळात हाही साधा कोर्टातला साक्षीदार. पण रोमन अधिकाऱ्यापुढे उभं राहून “होय, मी ख्रिस्ती” म्हणणं म्हणजे पुष्कळदा जिवावर बेतणं, त्यामुळे दुसऱ्या शतकात, स्मिर्नाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याच्या वधाच्या वृत्तान्तात वगैरे, हा शब्द साक्षीदारावरून मेलेल्यावर सरकलेला दिसतो. युरोपीय भाषांत तो ‘मार्टर’ होऊन पोचला तोवर त्यातला साक्षीदार पुसला गेला होता. अरबीतही तीच वाट: ‘शहीद’ म्हणजे मुळात साक्षीदारच. सिरियाक भाषेतला ‘सहदा’ही तसाच. तीन भाषांत पाहणारा माणूस मरणारा झाला.

मराठीत तो झाला नाही. देशासाठी मेलेल्याला आपल्याकडे सावरकरांनी दिलेला ‘हुतात्मा’ हा शब्द आहे, आणि तो डोळ्याशी नव्हे, होमाशी नातं सांगतो. केरळात ख्रिस्ती लोकांनी साक्षीला रक्त जोडून ‘रक्तसाक्षी’ केला. तो इतका रुळला की तिथले कम्युनिस्टही आपल्या मेलेल्या कार्यकर्त्यांना रक्तसाक्षीच म्हणतात. जपानमध्ये व्यापार केलेला, तिथली भाषा अस्खलित बोलणारा, नंतर फ्रान्सिस्कन झालेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेलेला वसईचा संत गोन्सालो गार्सिया याच्यासाठी असा जोडशब्द लागतोच. नुसती ‘साक्ष’ मात्र मराठीत जिवंत माणसांची राहिली, पगारदार माणसांची. माझ्या मते मराठी ख्रिस्ती भाषेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही.

जुनी साक्षही अशीच कामाधामाची होती. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? चौकशीत त्याला कळलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि शपथ वाहतात. ही शपथ कटाची असणार असा त्याला संशय होता. निघाली ती चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही आणि कुणी ठेव मागायला आला तर ‘तुझी ठेव माझ्याकडे नाहीच’ असं म्हणणार नाही, याची. शेवटचं कलम धर्मगुरूला सुचेल असं नाही, ते दुकानदाराला सुचेल. त्याच पत्रात आणखी एक बाजारी तपशील आहे: बळी दिलेल्या जनावरांच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं, आता ते पुन्हा मिळू लागलं आहे. सुभेदाराच्या दृष्टीने श्रद्धेचा प्रश्न खाटकाच्या गल्ल्यापर्यंत आला होता.

शेजाऱ्यांच्या डोळ्याने एखाद्याची श्रद्धा टिपली आणि तिचं नावच ठेवलं, याचा मराठीतला अस्सल दाखला ख्रिस्ती नाही, यहुदी आहे. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांच्या धर्मग्रंथात काय आहे हे गावाला माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. शनिवारी घाणा फिरत नाही, हे दिसत होतं. ‘ख्रिस्ती’ हे नावसुद्धा बाहेरच्यांनीच ठेवलेलं, अंत्युखियात; आणि त्याचा मागचा प्रत्यय लॅटिन वळणाचा, ‘अमक्याच्या गटातले’ असं सांगणारा.

आता शिऱ्याकडे.

करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने प्रेषित पौलाला जे प्रश्न विचारले होते त्यांत एक जेवणाचा होता. त्या काळात बाजारातल्या मांसाचा काही भाग देवळातल्या बळीतून येई, देवळांना लागून जेवणाच्या खोल्या असत आणि धंद्याच्या संघांची जेवणंही देवापुढेच होत. थुवतीरा या शहरात तर रंगारी, कातडी कमावणारे, लोहार-तांबट अशा एकेका व्यवसायाचे संघ होते. त्यांचे शिलालेख सापडले आहेत. प्रकटीकरणाच्या पुस्तकात याच शहराच्या मंडळीला मूर्तीपुढच्या अन्नावरून खडसावलं आहे. संघ सोडायचा तर धंदा सोडायचा, संघात राहायचं तर जेवायला बसायचं. जांभळ्या वस्त्रांची व्यापारी लुदिया, जी फिलिप्पैत पौलाला भेटली, ती याच गावची.

या अन्नासाठी नव्या करारात शब्द आहे ‘एइदोलोथुतोन’: मूर्तीला वाहिलेलं. हा यहुदी-ख्रिस्ती वर्तुळात घडवलेला शब्द, आणि त्यात नापसंती आहे. करिंथचा मूर्तिपूजक माणूस तो कशाला वापरेल? तो म्हणे ‘हिएरोथुतोन’, देवाला वाहिलेलं, पवित्र. पौलाची कानाची जाण इथे दिसते. स्वतःच्या बोलण्यात तो पहिला शब्द वापरतो. पण जेवायला बोलावलेल्या घरी कुणीतरी “हे वाहिलेलं आहे बरं का” असं म्हणालं तर, ही कल्पना करताना त्या माणसाच्या तोंडी मात्र दुसरा, आदराचा शब्द घालतो. ताट तेच, शब्द दोन.

आज प्रचलित असलेल्या मराठी बायबलात याला ‘नैवेद्य’ म्हटलं आहे. भाषांतरकारांनी हा शब्द निवडला आणि करिंथचा खाटीकबाजार एका झटक्यात मराठी घरात येऊन बसला. (शहरी वाचकाला नैवेद्य म्हटलं की पुरणपोळी दिसते. म्हसोबाला काय दाखवतात ते आठवलं, तर करिंथ तितकं लांब राहत नाही.) गंमत पुढेच आहे. ‘नैवेद्य’ हा ‘नि’ आणि ‘विद्’ यांतून आलेला. निवेदन करायचं, देवाला कळवायचं ते. ग्रीक ‘एइदोलोन’ हा ‘एइदोस’ म्हणजे रूप, दिसणं, याच्यापासून. आणि त्या ग्रीक धातूचं आणि आपल्या ‘विद्’चं मूळ एकच, पाहणं आणि जाणणं. उरलेला ‘थुतोन’ ज्या क्रियापदातून येतो ते धुराचं, संस्कृत ‘धूम’चं भावंड. म्हणजे पौलाच्या शब्दाचा पूर्वार्ध नैवेद्याचा चुलतभाऊ आहे आणि उत्तरार्ध आपल्या धुराचा. भाषांतरकारांच्या हे ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी अर्थ पाहिला, नातं आपोआप जुळलं.

मराठीत नैवेद्य ‘दाखवतात’. दाखवून झाला की तेच पातेलं प्रसादाचं होतं. ‘प्रसाद’ हा ‘सद्’ धातूचा, मुळात गढूळ पाणी निवळणं, मन प्रसन्न होणं, मग कृपा आणि शेवटी कृपेची खूण म्हणून हातावर पडणारा पदार्थ. करिंथला माणूस बदलला की शब्द बदलत होता, इथे आरती झाली की बदलतो.

आणि म्हणूनच पौलाने ठेवलेली एक सोय मराठी ऑफिसात चालत नाही. तो सांगतो, बाजारात विकतात ते खा, विचारत बसू नका. कुणाकडे जेवायला गेलात तर वाढलेलं खा, विचारू नका. मात्र कुणी सांगितलंच की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. सगळी मदार न विचारण्यावर. इथे विचारायची वेळच येत नाही. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी, किंवा खंडेनवमीला मशिनला झेंडूचे हार चढले की, कागदी द्रोण पुढे करणारा हात आणि “प्रसाद घ्या” हे शब्द बरोबरच येतात. नाव न सांगता प्रसाद कुणी देत नाही. नाव सांगितलं नाही तर तो नुसता शिरा.

बरं, देणाऱ्याच्या बाजूनेही प्रकरण साधं नाही. सत्यनारायणाच्या कथेतच प्रसाद न घेणाऱ्याची गत सांगितलेली आहे. कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद टाकून धावते आणि नाव बुडते; राजा तुंगध्वज गवळ्यांनी दिलेला प्रसाद बाजूला सारतो आणि सर्वस्व गमावतो. ही कथा काल दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्यांनी ऐकलेली असते. तेव्हा अकाउंट्सच्या थॉमसरावांनी हात मागे घेतला तर वाढणाऱ्या सावंतबाईंना राग येण्याआधी काळजी वाटते, हेही खरं. पौलाने सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करायला सांगितला. इथे सांगणाऱ्याचं मन नकाराने दुखतं, स्वीकाराने नाही. मग काय करायचं? कोणी घेतो आणि खातो, मूर्ती म्हणजे काही नाहीच, मग शिऱ्याला काय होतं असं म्हणून. हे पौलाच्याच बोलण्यातलं अर्धं. कोणी घेतो आणि शेजारच्या टेबलावर सरकवतो. कोणी हात जोडून “मला चालत नाही” म्हणतो. या तिघांचं चर्चमध्ये एकमेकांविषयी मत काय असतं ते न विचारलेलं बरं.

शब्दांच्या या ओढाताणीला पंडिता रमाबाई कंटाळल्या होत्या. मराठी बायबलातले संस्कृत, वेदान्ताचा वास येणारे शब्द त्यांना खटकत. अडाणी बाईला कळेल असं साधं मराठी हवं, म्हणून त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू-ग्रीकवरून स्वतः भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते पुस्तक निघालं. संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईने संस्कृत टाळावं, याला हट्ट म्हणा किंवा जाण म्हणा. पण ‘साक्ष’ आणि ‘नैवेद्य’ हे शब्द टाळून ख्रिस्ती माणूस मराठी ऑफिसात कसा वागणार, हे मला उमगत नाही.

आणि ज्याच्या कोशात आपण हे शब्द शोधतो तो मोल्सवर्थ! कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी, १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश त्याचा, पंडितांच्या संगतीने मराठीत इतका मुरला की लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. त्याचा विश्वास पुढे असा कडक झाला की लष्करी चाकरी ख्रिस्ती शिकवणीशी जुळत नाही म्हणून त्याने ती सोडली आणि तिच्यावर मिळणारं पेन्शनही नाकारलं. पुन्हा इथे येऊन त्याने दुसरी आवृत्ती काढली ती १८५७ साली. बाहेर बंड पेटलेलं, आणि हा फौज सोडलेला माणूस मराठी शब्दांचे अर्थ लावत बसलेला.

फौज आणि विवेक यांची गाठ आपल्याकडे अलीकडेच पुन्हा पडली. शीख जवानांच्या तुकडीवरचा एक ख्रिस्ती अधिकारी रेजिमेंटच्या धर्म-परेडला जवानांबरोबर मंदिर-गुरुद्वाऱ्यापर्यंत जाई, पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला त्याने नकार दिला. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढलं. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने लष्कराची बाजू उचलून धरली. शिस्त आणि जवानांशी एकजीव असणं वरचढ ठरलं. प्रश्न अंगणाचा नव्हता, गाभाऱ्याचा होता. आणि ‘गाभारा’ म्हणजे गर्भागार, अगदी आतली खोली.

बायबलात या प्रसंगाची जुळी गोष्ट आहे, आणि ती त्या अधिकाऱ्याच्या बाजूची नाही. अरामचा सेनापती नामान इस्राएलच्या देवाला मानू लागतो आणि परत नोकरीवर जाताना अलीशा संदेष्ट्याला विचारतो: माझा राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात वाकेल, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढं चालेल ना? अलीशा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. शांतीने जा, एवढंच सांगतो. दुसरीकडे दानिएल राजाच्या ताटातलं नाकारून डाळी-भाजीवर राहतो. दोघेही दुसऱ्या देवांना मानणाऱ्या राजांचे नोकर, आणि ग्रंथ दोघांनाही दोष देत नाही.

फौजेच्या त्या निकालापेक्षा मला १९८६ चा एक जुना निकाल जवळचा वाटतो. केरळातल्या एका शाळेतली तीन भावंडं राष्ट्रगीताला ताठ उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहिलं, पुरे. ज्या पंथाची ती मुलं, त्याला बाकीची चर्चं आपलं मानत नाहीत, पण त्याचं नावच ‘यहोवाचे साक्षीदार’. मुलांनी तोंड बंद ठेवलं होतं, आणि कोर्टाने पाहिलं ते त्यांचं उभं राहणं. गाभाऱ्याच्या खटल्यातही पायरीपर्यंत जाणं कुणाच्या तरी डोळ्याने असंच मोजायला हवं होतं, असं मला वाटतं. पण शाळा आणि फलटण एक नाहीत, हे म्हणणाऱ्यालाही मी खोडू शकत नाही.

मराठी ऑफिसात निदान न खाण्याला भाषा तयार आहे. “आज माझा गुरुवार”, “मी श्रावण पाळते”, “कांदा-लसूण चालत नाही”; यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. ‘पाळणे’ हे क्रियापद मराठीत फार समंजस आहे, मराठी बायबलातला शब्बाथही पाळायचाच असतो. ख्रिस्ती माणसाला ते पूर्णपणे लाभतं ते ईस्टरआधीच्या उपवासकाळात. राखेच्या बुधवारी चर्चमधून थेट कामावर आलेल्याच्या कपाळावर राखेचा क्रूस असतो. “हा अंगारा कुठला हो?” असं कुणीतरी विचारतं, आणि प्रश्न आस्थेचा असतो. मग तो सांगतो, आज आमचा उपास. उपास म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो, कारण आता हा माणूस ओळखीच्या खात्यात आला. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, सगळे अमेरिकेतून निघून बहुतेक फिरंग्यांच्या जहाजांनी इकडे आले, हे दोघांच्याही गावी नसतं. मटण सोडून पाव खाल्लेला चालतो असा तो उपास आहे, हे पटवून द्यायला त्याला जेवणाची सुट्टी पुरत नाही. तोवर सावंतबाई खिचडीचा डबा उघडून बसलेल्या असतात.